न झालेल्या परीक्षेची देणी

माझ्या मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर २०२१ हे साल आहे आणि त्या साली तिने दहावीची परीक्षा दिलेली नाही. गुणपत्रिका खरी आहे, बोर्डाची आहे. गुण तेवढे ठिकठिकाणाहून गोळा केलेले. शंभरातले पन्नास नववीच्या निकालावरून, तीस दहावीच्या वर्षात शाळेने घेतलेल्या लेखी कामावरून आणि वीस गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकावरून, असं त्या वर्षीचं सूत्र होतं. नववीचं बघायला जावं, तर मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली आणि निकाल पहिल्या सत्रावर लागला. म्हणजे दहावीचा निम्मा निकाल २०१९ च्या दिवाळीआधीच्या परीक्षेवर उभा. त्या परीक्षेच्या तोंडावर पोरगी डेंग्यूतून उठली होती. बीजगणिताच्या पेपरला तिला पेन धरवत नव्हतं. पुढे दहावीत तिने कितीही जीव काढला असता, तरी तो निम्मा भाग जागचा हलणार नव्हता.

१६ जुलै २०२१ ला निकाल लागला. वेळ दुपारी एकची होती, पण संकेतस्थळ तासन्‌तास उघडेना. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, कोकण विभागाचा तर पुरता शंभर. एवढ्या गर्दीत पास होण्याचं कौतुक कोण करतो? ‘कोरोना बॅच’, ‘ढकलपास’ हे शब्द आमच्या कोपरखैरण्याच्या गल्लीत त्याच संध्याकाळी ऐकू आले. तिला साठीच्या घरातले टक्के मिळाले. अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला सीईटी होणार होती. ती परीक्षा तिने फार मनावर घेतली, कारण तिथे नववी आडवी येणार नव्हती. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने सीईटीही रद्द केली. तिने तीन परीक्षांची तयारी केली आणि तिन्हींपैकी एकही झाली नाही.

मी वाशीच्या बाजार समितीत दाणाबंदरला एका गाळ्यावर गुमास्ता आहे. गाडी आली की बिलटी बघायची, गोणी मोजायच्या, तोलाई, हमाली, वाराई लावायची आणि जमा-नावे लिहायचं. आमच्याकडे ज्या मालाची पावती नाही तो माल आलाच नाही, असं धरतात. त्या न्यायाने आमच्या घरात ते वर्षही आलं नाही. पण आम्ही चौघं आणि माझी आई, सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे की ते आलं होतं. दरवर्षी जूनमध्ये मुलाच्या पुस्तकांना कव्हरं घालायला बसलो की त्या वर्षाचा विषय निघतोच. कुणी काय केलं, कुणाचं काय राहिलं, यावर वाद होतो. मला वाटतं, परीक्षा झाली असती तर अख्खं वर्ष एका आकड्यात बसलं असतं आणि आम्हीही तेवढा आकडाच लक्षात ठेवला असता. आकड्याला काही अर्थ उरला नाही, म्हणून माणसं लक्षात राहिली.

पहिलं देणं रद्दीवाल्याचं. १५ जून २०२० ला शैक्षणिक वर्ष कागदावर सुरू झालं तेव्हा पुस्तकांची दुकानं धड उघडलेली नव्हती. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळत होती. पण घरात मोबाइल एकच, तो माझा, आणि तो दिवसभर माझ्याबरोबर बाजारात. बायकोची पोळी-भाजी महापेच्या ऑफिसांमध्ये जायची, ती ऑफिसं बंद झाल्यापासून तिचा तवा थंड होता. नवा मोबाइल तेव्हा जमणारा नव्हता. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याला बायकोने सहज विचारलं. त्याने मागच्या खोलीतून सुतळीने बांधलेला दहावीचा संच काढून दिला. कुणीतरी नुकताच टाकलेला. किलोच्या भावाने देतो म्हणाला, आणि वजन करताना विज्ञानाचा दुसरा भाग काट्यावर ठेवायचा राहून गेला. निदान तो तसं म्हणाला.

त्या संचातलं भूगोलाचं पुस्तक आमच्या घरात आजही नावाजलेलं आहे. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी ठेवून शिकवतात. आधीच्या मालकाने, मुलगा की मुलगी कोण जाणे, भारताच्या गोष्टींखाली निळी रेघ मारली होती आणि ब्राझीलच्या गोष्टींखाली हिरवी. समासात बारीक अक्षरात टिपणं होती. ॲमेझॉनच्या खोऱ्यापाशी ‘हे नक्की येणार’ असं लिहिलेलं. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात ‘२३ मार्च, भूगोल, शेवटचा पेपर’ आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. तो पेपर झाला नाही. २०२० च्या दहावीचा तेवढा एक भूगोलाचा पेपर टाळेबंदीत अडकला, पुढे रद्द झाला आणि त्याचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीने दिले गेले. म्हणजे त्या पोराने निळ्या-हिरव्या रेघा मारून केलेली सगळी मेहनत त्याच्या स्वतःच्या काहीच उपयोगाला आली नाही. माझ्या मुलीच्या आली. भूगोल तिला आवडायला लागला तो त्या रेघांमुळे. पुढच्या वर्षी तिचीही परीक्षा झाली नाही. एकाच पुस्तकावर दोघांनी जीव तोडून अभ्यास केला आणि बोर्डाने दोघांनाही त्यातला एक प्रश्न विचारला नाही.

तो संच आम्ही २०२१ मध्ये त्याच रद्दीवाल्याला परत नेऊन दिला. मुलीने समासात स्वतःची भर घातली होती, लाल पेनाने. २०२२ ची दहावीची परीक्षा १५ मार्चपासून रीतसर झाली. ते पुस्तक तिसऱ्या हातात गेलं असेल, तर त्या तिसऱ्याला तरी कुणीतरी ॲमेझॉनवर प्रश्न विचारला असेल.

दुसरं देणं वर्गशिक्षिका बाईंचं. ते सांगायचं तर आधी आमच्या घराची व्यवस्था सांगावी लागेल. मे २०२० मध्ये बाजारात लागण इतकी वाढली की ११ ते १७ मे पाचही बाजार बंद ठेवावे लागले. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि आमचं दाणाबंदर. बाजार उघडले तसा मी पुन्हा कामावर जायला लागलो, कारण मुंबईचं धान्य तिथूनच जातं. पण घरात सत्तरीची आई होती. म्हणून संध्याकाळी आलो की जिन्याने थेट गच्चीवर. वर पत्र्याची शेड होती, तिथेच अंथरूण, तिथेच जेवणाचं ताट. मोबाइल सॅनिटायझरने पुसून, पिशवीत घालून दोरीने खाली सोडायचो. पोरगी तो घ्यायची तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असत आणि दिवसभराचे तास कधीच संपलेले असत.

बाईंनी पटावरच्या प्रत्येकाच्या घरी फोन करून विचारलं होतं, मोबाइल कुणाचा, कधी घरी असतो. अशी बाजारात, कंपनीत, रिक्षावर मोबाइल जाणारी घरं बरीच निघाली. त्या मुलांचे बाईंनी चार-चारचे गट केले आणि रात्री नऊला साध्या कॉलवर, कॉन्फरन्स लावून दिवसाचा धडा पुन्हा शिकवायला सुरुवात केली. डेटा लागत नव्हता, चित्र दिसत नव्हतं. भूमितीची आकृती तोंडाने सांगायच्या: “एक रेघ काढा. तिच्या डाव्या टोकाला ए लिहा. लिहिलंत? आता मला सांगा, बी कुठे आहे?” मी वर गच्चीवर पडल्या पडल्या ऐकायचो. पायथागोरसचं प्रमेय मला माझ्या शाळेत कळलं नव्हतं, ते चाळिशीत, पत्र्यावर पावसाचा आवाज चालू असताना, बाईंच्या आवाजात कळलं. बाईंच्या स्वतःच्या घरी त्या वेळी स्वयंपाक, जेवणं, दोन लहान मुलं होती. मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची. कधी बाई मध्येच “एक मिनिट” म्हणायच्या आणि ते मिनिट जरा लांबायचं.

बाई राहायच्या कल्याणला. लोकल तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्यांनाच होती. २१ ऑक्टोबर २०२० पासून, ऐन नवरात्रात, बायकांना सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर लोकलची परवानगी मिळाली. त्यानंतर बाई ठाण्याला गाडी बदलून कोपरखैरण्याला यायला लागल्या. मुलांना शाळेत घ्यायची परवानगी नव्हती. म्हणून त्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायच्या, फाटकाच्या गजांतून वह्या आत घ्यायच्या, तपासलेल्या बाहेर द्यायच्या. तीनच्या आत स्टेशन गाठायचं, नाहीतर सातपर्यंत थांबायचं. वह्यांवर शेरे असायचे. ‘आकृती उत्तम. अक्षर घाईचं.’ त्या वेळी या वह्यांना गुण मिळणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बोर्डाची परीक्षा २९ एप्रिलला सुरू व्हायची होती. १२ एप्रिलला ती पुढे ढकलली आणि २० एप्रिलला रद्द झाली. मग जेव्हा वर्षभराच्या कामाचे गुण मागवले गेले, तेव्हा अनेक ठिकाणी शिक्षकांना नव्याने चाचण्या घ्याव्या लागल्या. बाईंच्या जुन्या वह्या मात्र तारखांसकट तयार होत्या. मुलीच्या गुणपत्रिकेतला जो निम्मा भाग दहावीचा म्हणायचा, तो त्या फाटकाच्या गजांतून आत गेलेला आहे.

शाळा पगार देते, बाई शिकवतात, यात ऋण कसलं, असं कुणी म्हणेल. माझी बायकोही एकदा म्हणाली होती. पण रात्री नऊचा कॉल कुठल्याही पगारात नव्हता. आमच्या वाट्याला आलेल्या बहुतेक माणसांचं असंच होतं. ती आपलंच काम करत होती आणि त्या कामाच्या वर थोडंसं, कुणी न सांगता, करत होती. ते थोडंसं मोजता येत नाही म्हणून त्याचं ओझंही उतरत नाही.

एक देणं मात्र मोजता येतं. अठराशे रुपये. ऑगस्ट २०२० मध्ये मुलीसाठी वेगळा मोबाइल घ्यायचं ठरलं. गल्लीच्या तोंडाशी एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, जौनपूरकडच्या एका तरुण माणसाचं. त्याच्याकडे वापरलेला पण चांगला हँडसेट होता. मी निम्मेच पैसे घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, “बच्ची का दसवीं का साल है, भाईसाब. ले जाइए. बाकी हर महीने थोड़ा थोड़ा.” लिहून घेतलं नाही. मीच माझ्या वहीत लिहिलं, कारण लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. दर महिन्याच्या पगाराला मी जाऊन देत होतो. मार्च २०२१ पर्यंत दिले. एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले, दुकानं बंद झाली आणि तो गावी गेला. मी फोन करत राहिलो. आधी रिंग वाजायची, मग ‘यह नंबर उपलब्ध नहीं है’. दुकानाच्या शटरवर आधी ‘भाड्याने देणे आहे’ लागलं, नंतर तिथे केकचं दुकान आलं. मूळ मालकाला विचारलं, शेजारच्या सलूनवाल्याला विचारलं. तोही त्याच भागातला, पण त्यालाही पत्ता नव्हता. एप्रिल-मे २०२१ मध्ये गावाकडे गेलेल्या माणसांचं काय काय झालं, ते आठवलं की मी पुढे विचारायचं टाळतो. बायको म्हणते, तेवढे पैसे कुठल्या तरी गरजू पोराला देऊन टाका. मी देत नाही. कुणाचे पैसे आपण कुणालाही देऊन मोकळं व्हायचं, हे माझ्या धंद्यात बसत नाही. खातं त्याच्या नावावर उघडं आहे.

चौथं देणं गावठाणातल्या आजीचं. आमचं घर सेक्टरमध्ये, माथाडी कामगारांच्या वसाहतीत. मुलीच्या वर्गातली जिवाभावाची मैत्रीण कोपरखैरणे गावात राहणारी, आगरी घरातली. मी बाजारात जाणारा माणूस. मे महिन्यानंतर ‘बाजारातून करोना येतो’ हे सगळ्या नवी मुंबईला ठाऊक झालं होतं. आमच्या गल्लीतल्या ओळखीच्या माणसांनीही आमच्या दारावरून जाताना पावलं भरभर उचलली. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. आम्हीही दुसऱ्यांच्या दारावरून तशीच उचलली असती.

१२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑनलाइन वर्ग मधूनच तुटले. थोड्या वेळाने पंखे नाहीत, नेट नाही, म्हणून सगळी पोरं बाहेर ओट्यांवर आली. मुलीच्या घटक चाचणीचा विषय भूमिती होता आणि तिला एक रचना अडली होती. ती पुस्तक घेऊन चालत मैत्रिणीच्या घरी गेली. दारातच थांबली, कारण आत बोलावतील याची खात्री नव्हती. ओटीवर मैत्रिणीची आजी सुकट निवडत बसली होती. कुणीतरी आतून म्हणालं, तिचा बाप मार्केटात जातो. आजी म्हणाली, “बाजारातला तांदूल चालतं, मंग बाजारातली पोर का नाय चालाची?” आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला चटई टाकायला लावली.

वीज आली, पण ती चटई तिथेच राहिली. त्या घरात वायफाय होतं, मोठी ओटी होती. पुढचे कित्येक महिने दोघी पोरी ओटीच्या दोन टोकांना बसून एकाच तासाला हजर राहिल्या. दुपारी आजी विचारायची, “जेवलीस का गो?” आणि उत्तराची वाट न बघता तांदळाची भाकरी पुढे यायची. माझ्या आईला साताऱ्याकडची ज्वारीची भाकरी लागते, तांदळाच्या भाकरीला ती नावं ठेवते. पण त्या वर्षापासून तिने नावं ठेवायचं बंद केलं.

त्या आजीचं देणं आमच्यावर याहून जुनं आहे. माझे वडील पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायला लागले. अंगठेबहाद्दर माणूस. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि पाठीवरच्या ओझ्याला नोंद मिळाली. माथाडी मंडळात नाव लागलं. मजुरी मंडळातून येऊ लागली, भविष्यनिर्वाह निधी कापला जाऊ लागला. घाऊक बाजार खाडीपलीकडे हलले तसे वडीलही इकडे आले आणि त्या नोंदीच्या जोरावर सिडकोचं हे बैठं घर मिळालं. त्यावर मजला चढला, त्यावर गच्ची, गच्चीवर पत्रा. मला शिकता आलं, लिहायची नोकरी लागली. वडिलांच्या आणि त्या कायद्याच्या ऋणाबद्दल आमच्या घरात नेहमी बोलणं होतं.

पण घर ज्या जमिनीवर उभं राहिलं, ती जमीन कुणाची होती? सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या पट्ट्यातल्या गावांची भातशेती, मिठागरं नव्या शहरासाठी संपादित झाली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या पट्ट्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या आजीचे यजमान त्या लढ्यात होते, हे मुलीला ओटीवर बसूनच कळलं. एक दिवस घरी येऊन तिने मला विचारलं, “पप्पा, आपल्या सेक्टरच्या जागी आधी काय होतं?” मी म्हणालो, शेत असणार. ती म्हणाली, “असणार नाही, होतं. आजीला बांध आठवतात.” मी या शहरात वाढलो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ज्यांची शेतं गेली त्यांच्यातल्याच एका बाईने, सगळं शहर आमच्यापासून दोन हात लांब उभं असताना, माझ्या मुलीला ओटी दिली. त्याची परतफेड कशी करायची हे मला अजून सुचलेलं नाही. पाडव्याला आम्ही जातो, आजी पुरणपोळीला नावं ठेवते, आम्ही हसतो, एवढंच.

निकालाच्या दिवशी बायकोने पेढे आणले. गल्लीतल्या एका बाईने विचारलं, “यंदा पण पेढे?” बायको म्हणाली, “पासाचे नाहीत हो, वर्ष सरलं त्याचे.” रद्दीवाला, बाई, आजी, सगळ्यांकडे पेढे पोचले. केकच्या दुकानाआधी जिथे मोबाइलचं दुकान होतं तिथे तेव्हा नुसतं शटर होतं.

सगळ्यांकडे पोचले म्हणालो, पण ज्याचं देणं सर्वांत मोठं होतं त्याला आम्ही दोन पेढ्यांवर गप्प बसवलं होतं. माझा मुलगा. त्या वर्षी तो महापालिकेच्या शाळेत तिसरीत होता. घरातला दुसरा मोबाइल दहावीचा, म्हणजे ताईचा. त्याला हात लावायचा नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्याने ते मुकाट्याने ऐकलं. त्याच्या वाट्याला टीव्ही आला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागायची. तो आणि माझी आई शेजारी बसून बघायचे. आई त्यातल्या पानाफुलांवरून त्याला गावच्या गोष्टी सांगायची. पण टीव्ही वही तपासत नाही, चुकलं तर थांबत नाही. चौथीत निम्मं वर्ष गेल्यावर वर्ग भरले तेव्हा कळलं की पोरगा जोडाक्षरापाशी अडतो. ‘प्रश्न’ हा शब्द आला की डोळे पानावरून काढून भिंतीकडे बघायचा. चौथीच्या गुरुजींनी त्याला रोज मधल्या सुट्टीत समोर बसवून वाचून घेतलं, तेव्हा वर्षअखेरीला गाडी रुळावर आली.

ताईची दहावी वाचवायला धाकट्याची तिसरी खर्ची पडली. असं ठरवून कुणी केलं नाही. दहावीचं साल म्हटलं की कुठल्याही घरात असंच होतं. पण नावे कुणाच्या पडलं, ते वहीत स्पष्ट दिसतं. ज्याच्याकडून घेतलं त्याला घेतल्याचं कळलंही नाही, असं हे एकच देणं.

ते आधी मुलीच्या लक्षात आलं. यंदा जूनमध्ये कव्हरं घालताना नेहमीसारखी यादी निघाली. मी म्हणालो बाई पहिल्या, बायको म्हणाली आजी पहिली, माझी आई म्हणाली, “आरं, बापाला इसरलास व्हय?” मुलगी आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२३ मध्ये बारावीची परीक्षा तिने वर्गात बाकावर बसून दिली, तीच तिच्या आयुष्यातली पहिली खरी बोर्डाची परीक्षा. ती खाकी कागद दुमडत म्हणाली, “दरवर्षी तुम्ही सगळ्यांची नावं घेता. लोक म्हणतात मी ढकलपास. तुम्ही म्हणता मी लोकांमुळे पास. अभ्यास पण कुणीतरी केलाच होता ना?” सगळे गप्प झाले आणि मग बायको मोठ्याने हसली. खरंच होतं ते. ऋणांची यादी करता करता कर्ती बाजूला राहते. तिचं नाव त्याच दिवशी यादीत गेलं, सर्वांत वर.

“आणि माझं?” पोरगा म्हणाला. तो यंदा आठवीत आहे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचा आहे. ताईने त्याला तेव्हाच सांगून टाकलं की गणित आणि बुद्धिमत्ता ती रोज घेईल, वर्षभर, कॉलेज सांभाळून. तो विचारात पडला. मग म्हणाला, “वर्षभर तू मोबाइल वापरलास. म्हणजे मोबाइल पण रोज एक तास.” ताई म्हणाली, अर्धा. तो म्हणाला, “पप्पा, व्याज किती लागतं?”

मी पाऊण तासावर तडजोड करून दिली. सध्या रोज रात्री नऊला शिकवणी असते. ताई ओरडते, तो चुकतो, माझी आई दोघांच्या मध्ये पडते आणि शेवटचा पाऊण तास वसूल झाल्याशिवाय पोरगा झोपत नाही.